विहिरीतला टाक

सापडतं दुसऱ्यांना आणि ओळखते मी. गेली तीन वर्षं हा असाच मामला चाललाय, आणि तो मला मुळीच आवडत नाही.

माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे. त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला मीच मला घेऊन दिला, कारण दुसरं कोणी देण्याची शक्यता नव्हती. सुट्टीच्या दिवशी हेब्बाळच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघून ओळखीच्या कोणाच्या तरी शेतात जायचं आणि मालकाला विचारून मशीनची तबकडी जमिनीवरून फिरवत बसायचं, हा माझा छंद. देवळं आणि जुने कोट यांच्या आसपास मी फिरकतही नाही, तिथे मशीन न्यायला मनाई आहे. उरलेल्या कर्नाटकाच्या जमिनीने मला आजवर दिलं ते एका बिस्किटाच्या डब्यात मावतं: बाटल्यांची बुचं, नळाची तोटी, ट्रॅक्टरचे नट, बैलाच्या नालाचा अर्धा तुकडा आणि एक चमचा. चमचा स्टीलचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं मी सुरुवातीला मशीनला दोष दिला. मग तेच मशीन एकाला दोन दिवस वापरायला दिलं, तर त्या माणसाला आपल्या आजोळच्या मळ्यात जुनी पितळी मापं सापडली. एकात एक बसणारी, तीन. मी त्याचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन जेवले नाही.

ओळखायचं मात्र मला येतं. इंटरनेटवर आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. त्यात लोक मातीने भरलेल्या वस्तूंचे फोटो टाकतात आणि मी सांगते की हे बटण आहे, नाणं नव्हे, मागे टाक्याची कडी तुटल्याची खूण बघा. हा बिल्ला नाही, घोड्याच्या साजावरचं फूल आहे. ही घंटा देवाची नाही, वासराच्या गळ्यातली आहे, आतला लोलक झिजलाय तो एकाच बाजूने. माझे शब्द तिथे प्रमाण मानतात. माझा पहिला नियम सगळ्यांना पाठ आहे: घासायचं नाही. नुसत्या पाण्याने माती सोडवायची, सावलीत वाळवायचं, आणि तिरप्या उजेडात धरून दोन्ही बाजू बघायच्या. जुन्या धातूवर जो काळा-हिरवा थर चढतो त्यातच पुष्कळदा नक्षी शिल्लक असते. थर गेला की नक्षीही जाते. हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलंय की ग्रुपवर माझं टोपणनावच 'घासू नका ताई' पडलंय.

आणि प्रत्येक फोटोखाली "वा, काय सुंदर सापडलंय!" लिहिताना माझ्या पोटात दुखतं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे ती माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसते. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तिने मला मराठीत हाक मारली तेव्हा मी चमकलेच. "अक्का, तुम्ही पुण्याच्या ना? आम्ही पण मराठीच. स्वल्प वेगळी." तिचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं, असं तिच्या घरात सांगतात. तेव्हापासून बंगळूरच. तिच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड आणि क्रियापदं स्वतःच्या मर्जीने चालणारी. मी ती सुधारायचे. हसत हसत, पण सुधारायचेच. ती वाईट वाटून घ्यायची नाही, "सरी अक्का" म्हणून नवा शब्द दोनदा म्हणून बघायची. खरं सांगायचं तर मला तिचं बरं बघवायचं नाही. मी बारा वर्षं या शहरात राहतेय, अजून रिक्षावाल्याशी हिंदीत बोलते. आणि ही बाई चारशे वर्षांची इथली, शिवाय शहाजीराजांची. इतिहास आमच्या पुण्याचा आणि मिरवणार ह्या.

बसवनगुडीत तिचं घर. तिची आई, जिला ती अम्मा म्हणते आणि मी काकू, सत्तरीच्या घरातली शांत बाई. पहिल्यांदा गेले त्या दिवशी त्यांनी मला पानावर बसवून विचारलं, "तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला कळेल. आमचं कुलदैवत कोण असेल?"

मला प्रश्नच कळला नाही. कुलदैवत माहीत नाही असं मराठी घर मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या लहानपणी भावाभावांत वाटण्या झाल्या. थोरल्या घराने देव नेले आणि ते घर पुढे कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नाही. धाकट्यांकडे, म्हणजे यांच्याकडे, तिरुपतीचा फोटो उरला. "देवळात अर्चनेला विचारतात, कुलदैवत? मी वेंकटरमण म्हणते," काकू म्हणाल्या. "तो रागावत नाही. पण खोटं बोलल्यासारखं होतं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून बोलतेय."

मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "शोधून देते की." आणि विसरून गेले.

मागच्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले तेव्हा त्यांनी घरामागची बुजत आलेली विहीर पुन्हा मोकळी करायला घेतली. घर नवं, दुमजली, खाली गाडी लावायची जागा. पण विहीर वाटण्यांच्या आधीची होती आणि कोणी तिच्यावर फरशी टाकली नव्हती. विहिरी उपसणारी माणसं आली आणि तीन दिवस बादल्या-बादल्यांनी काळा गाळ वर काढून त्यांनी मागच्या अंगणात ढीग घातला. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "अक्का, मशीन घेऊन या. गाळात काय काय आवाज देईल बघू."

मी हेब्बाळचा पूल ओलांडेपर्यंत रिक्षात अक्षरशः पुढे सरकून बसले होते. जुन्या घराची विहीर म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. बायकांच्या हातून निसटलेलं सगळं तिथे जातं. आज माझा दिवस होता.

दीड तास मी तो ढीग विंचरला. तबकडी फिरवायची, आवाज आला की खुरप्याने गाळ उकरायचा. खिळे. रहाटाच्या चाकाची पट्टी. बादलीची कडी. आणखी एक बादलीची कडी. तांब्याचा चेपलेला गडवा निघाला तेव्हा मी आनंदाने ओरडले आणि मग बुडाला कारखान्याचा शिक्का दिसला. पाठ भरून आली. मैत्रीण पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "मी स्वल्प करू का?"

मी मशीन तिच्या हातात दिलं आणि काकूंनी दिलेलं ताक प्यायला लागले. भांडं अर्धंही झालं नव्हतं. मशीन वाजलं. ती खुरपंबिरपं काही न घेता वाकली, गाळात मनगटापर्यंत हात घातला आणि काहीतरी काढून अंगठ्याने पुसलं. "अक्का, हे काय?"

काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा पातळ पत्रा. वरून गोलसर, खाली सरळ, एक कोपरा तुटलेला. काळा ठिक्कर. मी तो हातात घेतला आणि एका क्षणात ओळखला. टाक होता. देवघरात देवांच्या मूर्तींच्या ओळीत ठेवतात तो, देवाचं रूप ठोकून उठवलेला पत्रा. तांब्याचा पत्रा आणि वर चांदीचा पापुद्रा, जुनी पद्धत. टाक भंगला की नवा करतात आणि जुना पाण्यात सोडतात. म्हणजे हा हरवलेला नव्हता. वाटण्यांच्या आधी ह्याच घरातल्या कोणीतरी हात जोडून तो ह्या विहिरीत सोडला होता. गाळाखालून घोड्याचा पाय दिसत होता, पुढचा, उचललेला.

मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षांत मी हातात धरलेली ही पहिली खरी वस्तू. पण डोक्यात एकच चाललं होतं: दोन मिनिटं. हिने दोन मिनिटं मशीन धरलं. माझ्या मशीनवर, मी विंचरलेल्या ढिगात, माझ्या समोर. आणि सापडलं काय, तर हिच्याच वाडवडिलांचा देव. इतका राग आला की तो पत्रा मला हातात ठेववेना. मी तिरप्या उजेडात धरला नाही, पाण्याचा थेंबही टाकला नाही. तिच्या हातावर परत ठेवला.

"टाक आहे," मी म्हटलं. "देवघरातला. भंगलेला म्हणून विहिरीत सोडलाय."

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि दाराची चौकट धरली. "कोणाचा? देव कोण?"

"नीट बघून सांगावं लागेल. फोटो पाठव मला," मी मैत्रिणीला म्हटलं, मशीन गुंडाळलं, काहीतरी काम आहे म्हणून सांगितलं आणि निघाले. काकू जेवून जा म्हणत राहिल्या. रिक्षात मला रडू आलं, आणि तेही रागाचंच.

दुपारी तिने टाकाचा फोटो पाठवला. मी उघडला नाही. चार वाजता फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"अक्का, अम्मा म्हणते देव असा काळा ठेवायचा नाही. चिंचमीठ लावून घासते म्हणते. देवाची सगळी भांडी तशीच घासतो ना आपण. सरी का? तुम्ही हो म्हणा, मग मी करू देते."

मी मगाशी सांगितलेला नियम आठवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. अनोळखी माणसांनी पाठवलेल्या बुचांसाठी मी रात्रंदिवस ओरडते, घासू नका. चिंचेने तांब्याचा थर सुटतो आणि वरचा चांदीचा पापुद्रा त्याबरोबर निघून येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती विचारत होती, थांबली होती. एक 'नको' म्हणायचं होतं.

"हो, घासा की," मी म्हटलं.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की लक्ष नव्हतं, की थकले होते. तसं नव्हतं. तिला सापडलेली वस्तू थोडी बिघडावी, एवढंच मला हवं होतं. फार नाही. थोडी.

फोन ठेवल्यावर मी फोटो उघडला. फ्लॅश मारून काढलेला, समोरून. काळा डाग आणि त्यावर चकाकणारं पाणी. त्यातून काहीही दिसत नव्हतं.

आठवडाभर ऑफिसात ती नेहमीसारखी होती. शुक्रवारी म्हणाली, "अम्माने रविवारी ऊटाला, जेवायला, बोलावलंय, यायचंच. सोमवारी आम्ही चिकपेटेत चांदीवाल्याकडे जातोय. नवा टाक करायचा. तो विचारतो कोणता देव ठोकू. ते तुम्ही सांगायचं."

रविवारी मी गेले. देवघरात पूजेच्या ओळीत नाही, पण पुढे एका छोट्या ताटलीत काकूंनी तो ठेवला होता. लख्ख. नव्या पैशासारखं तांबं, मध्ये थोडे खळगे. ना घोडा, ना पाय. एका कडेला चांदीचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता, तेवढाच.

"घासताना घोडा दिसला हो," काकू म्हणाल्या. त्या ताटलीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "मला वाटलं आणखी स्वल्प घासलं की वरचा माणूस पण दिसेल. म्हणून घासत राहिले. आणि अंगठ्याखालून सगळंच गेलं. इतकी वर्षं विचारत होते कोण, कोण. आला, तर माझ्याच हातानं पुसला मी."

 मैत्रिणीने आईला सांगितलं नव्हतं की मी घासायला हो म्हटलं होतं. मी सांगायला हवं होतं, तिथेच, त्या क्षणी. मी भात कालवत बसले.

"तुम्ही आधी हातात घेतला होता," काकू आता माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला ओळखता येतं. कोण होता?"

घोड्यावर बसलेले टाक बहुधा दोन प्रकारचे असतात. एक खंडोबा, त्याच्याबरोबर घोड्यावर म्हाळसा असते आणि पायाशी कुत्रा. दुसरा वीर. म्हणजे घराण्यातला लढाईत पडलेला पूर्वज, त्याचाही टाक करतात, तो एकटाच असतो. उघड्या डोळ्यांनी दहा सेकंद बघितलं असतं तरी कळलं असतं, एक बसलंय की दोन. मी दोन सेकंद बघितलं होतं आणि त्या दोन सेकंदांत मला फक्त ही पोरगी दिसत होती. जगात ज्या एका गोष्टीची मला घमेंड आहे, ती मी त्या दिवशी केलीच नव्हती.

काकू थांबल्या होत्या. वाढायचा चमचा हातात तसाच होता.

"खंडोबा," मी म्हटलं. "म्हाळसा होती बरोबर. मी पाहिली."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मैलार," त्या म्हणाल्या, इकडे खंडोबाला तेच म्हणतात. मग आणखी एकदा, हळू. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. देवघरात जाऊन दिवा लावला आणि आतून काय पुटपुटत होत्या ते आम्हाला ऐकू आलं नाही.

मैत्रीण मला कोपऱ्यावर रिक्षापर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुमचा तो ग्रुप मी बघते. तुम्ही सगळ्यांना घासू नका सांगता. मला हो का म्हटलात?"

खोटं सांगायचा कंटाळा आला होता. "मला तुझा हेवा वाटला," मी म्हटलं.

ती थांबलीच. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माझा? अय्यो अक्का, माझ्यात काय आहे हेवा करायला?" तिने थोडा विचार केला, जणू खरंच काहीतरी सापडतंय का बघत होती, आणि तिला सापडलं नाही. मग तिने माझा दंड धरला. "ते जाऊ द्या. आय्तु, झालं ते. अम्माला मी नाही सांगत. पण खंडोबा खरा ना? तो तरी खरा?"

रिक्षा येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, तिने त्याला उत्तर दिलं. मी आत बसले.

"खरा," मी म्हटलं.

चांदीवाल्याने टाक छान केला. घोडा, वर दोघं, खाली कुत्रा, सगळे चेहरे स्वच्छ. नवा टाक कुलदैवताच्या पायाला लावून आणायचा असतो, हेही मीच सांगितलं होतं, पुण्याची ना मी. गेल्या महिन्यात मायलेकी जेजुरीला गेल्या. काकूंचा हा महाराष्ट्रातला पहिला प्रवास. मैत्रिणीने फोटो पाठवला: पायऱ्यांवर काकू, कपाळ, केस, चष्मा सगळं पिवळं, दोन्ही हातांत टाकाचा डबा धरलेला. तो फोटो मी बोटांनी मोठा करून बघितला, लोकांच्या वस्तू बघते तसा, कुठे काही खोट आहे का म्हणून. चेहऱ्यावर शंकेची रेघसुद्धा नव्हती. आणि खरं सांगते, एवढं सगळं होऊनसुद्धा मला पुन्हा हेवा वाटला.

दहा मिनिटांनी फोन वाजला. वाऱ्याचा आणि माणसांचा गलका होता. काकू मोठ्याने बोलत होत्या, लांबच्या फोनवर बोलतात तसं.

"ऐकू येतं ना? वर पोचलो. पहिली मूठ भंडारा तुमच्या नावानं उधळला. देवाला सांगितलं, आम्हाला तू माहीत नव्हतास, ह्यांनी ओळखलं."

"बरं केलंत काकू," मी म्हटलं.